बासमती चालतो... पण किती वाट्या?

‘भात बंद’ आणि ‘बासमती चालतो’ या दोन फतव्यांच्या मध्ये सापडलेल्या एका भातवेडीचा अनुभव

मार्च महिना. अप्रेझलचं टेन्शन, त्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मेलवर येऊन पडलेला. आम्ही सगळ्यांनी तो उघडला तो एकमेकांचं कोलेस्टेरॉल कंपेअर करायला. फुल टाइमपास. माझ्या रिपोर्टमध्ये मात्र एक आकडा ठळक अक्षरात होता. एचबीए१सी : ५.९.

हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेची सरासरी. ५.७ च्या खाली असाल तर नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. माझं वय ३१. वजन ‘ठीक आहे’ म्हणण्याइतपत. चहात साखर अर्धा चमचा. मग हे आलं कुठून?

खरं सांगायचं तर उत्तर आमच्या फ्रिजच्या दारातच होतं. बाबांची इन्शुलिनची पेनं तिथे लोणच्याच्या बाटलीशेजारी असतात. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह झाला, तेव्हा मी शाळेत होते. डोळ्यांवर लेझर झालं, मग पायाची एक जखम चार महिने भरली नाही. हे सगळं बघतच मी मोठी झालेय. त्यामुळे मेल बंद केला आणि वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

मी एकटी नाही, हे नंतर कळलं. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि माझ्यासारखे कुंपणावर बसलेले प्रीडायबेटिक १३ कोटी ६० लाख. म्हणजे तुमच्या क्युबिकलच्या आसपास एखादा नक्की असणार. कदाचित त्याला माहीतही नसेल.

भात सोडला... नऊ दिवस

ऑफिसमध्ये अशा वेळी फुकट सल्ल्यांना तोटा नसतो. ‘कार्ब्ज सोड.’ ‘भात म्हणजे पांढरं विष गं.’ मी ताबडतोब भात बंद केला. आता, आम्ही मूळचे भातवाले. आईचं माहेर मुळशीकडचं, आंबेमोहोराच्या खाचरांचं. वरणभात-तूप-लिंबाशिवाय जेवण म्हणजे आमच्याकडे उपास. नऊ दिवस कसेबसे काढले. दहाव्या दिवशी रात्री अकराला घरी आले आणि ओट्यापाशी उभं राहून, कढईतूनच, गार फोडणीचा भात खाल्ला. किती खाल्ला? विचारू नका.

दुसऱ्या दिवशी लंचला माझं तोंड बघून टीममधला डेहराडूनचा मुलगा म्हणाला, ‘अरे, बासमती खा ना! लो जीआय आहे तो. आमच्याकडे सगळे खातात.’ मी नेटवर बघितलं. त्याचं म्हणणं तसं खरं होतं. शनिवारी पाच किलोची बॅग घरी आली.

घरात सणच! बाबा कित्येक वर्षं जेवणाच्या शेवटी चमच्यावर भात घेत होते. ‘बासमती चालतो म्हणे’ हे वाक्य त्यांनी दोन काकांना आणि एका आत्याला फोन करून सांगितलं. मग बुधवारी जिरा राइस, शुक्रवारी मटार पुलाव, रविवारी बिर्याणी. आईसुद्धा खूश. मोकळा, लांबसडक भात वाढायला कुणाला नाही आवडणार?

जूनमध्ये पुन्हा टेस्ट केली. माझा आकडा ६.१. बाबांचाही वर सरकलेला, आणि डॉक्टरांनी त्यांचा इन्शुलिनचा डोस वाढवलेला.

मी रिपोर्ट घेऊन एका डाएटिशियनकडे गेले. खरं तर भांडायलाच. ‘लो जीआय म्हणतात ना याला?’ त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, ‘एका वेळी किती वाट्या?’

मला उत्तर देता येईना. आम्ही मोजल्याच नव्हत्या.

एका तांदळाचे दोन जीआय

गंमत म्हणजे बासमतीला एक नाही, दोन जीआय आहेत. पहिला भौगोलिक मानांकनाचा. तो २०१६ मध्ये मिळाला. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा, म्हणजे पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मू-काश्मीरचा काही भाग, इथे पिकलेल्या तांदळालाच बासमती म्हणायचं. त्यामुळे आपल्याकडचा कितीही वासाचा तांदूळ बासमती होत नाही. आणि व्हायची गरजही नाही. आंबेमोहोर आणि आजरा घनसाळ यांना त्यांची स्वतःची मानांकनं आहेत. वास मात्र दोघांचा नात्यातला. टू-असिटिल-वन-पायरोलिन असं जीभ वळणार नाही अशा नावाचं एक द्रव्य असतं, त्याचा हा घमघमाट. काही घरांत कुंडीत लावलेलं एक पान साधा भात शिजताना त्यात टाकतात आणि भाताला बासमतीचा वास येतो, त्या पानातही हेच द्रव्य असतं.

दुसरा जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. आपल्या कामाचा हाच. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये ही मोजपट्टी मांडली. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते, हे ती सांगते. ग्लुकोजला १०० मार्क. ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० पासून पुढे जास्त.

बासमतीचे आकडे बहुतेक चाचण्यांमध्ये ५० ते ६० च्या आसपास येतात. आणि आपला रोजचा भात? चेन्नईतल्या मधुमेह संशोधकांनी तीन भारतीय तांदळांची मोजणी केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोन्नी ७०, सोना मसुरी ७२ आणि सुरती कोलम ७७. म्हणजे डेहराडूनचा मुलगा अगदीच हवेत बोलत नव्हता.

हा फरक कुठून येतो? तांदळातला स्टार्च दोन प्रकारचा असतो : अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजच्या साखळ्या सरळ, घट्ट बसलेल्या, पचायला वेळ घेणाऱ्या. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं, चटकन फुटणारं. बासमतीत अमायलोज साधारण २० ते २५ टक्के असतं. भाताचं शीत न शीत सुटं राहतं ते बऱ्याच अंशी त्यामुळेच. चिनी-थाई चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, ती इथे थोडीफार लागू पडते. मोकळं शीत सहसा हळू पचतं, गिचका भात लवकर. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला आंबेमोहोराची पेज किंवा मऊभात देतात, कारण तो मऊ शिजतो आणि चटकन पचतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

पण यातलाच एक बारकावा : बासमतीसुद्धा कुकरच्या पाच शिट्ट्यांनी आसट केला, तर त्याचा हा गुण निम्म्याने घालवलात असं समजा. दाणा जितका जास्त शिजतो, तितका स्टार्च मोकळा होतो.

आईची वाटी आणि तिचं गणित

आता त्या ‘किती वाट्या’कडे येऊ. डाएटिशियन मॅडमनी कागदावर गणित मांडलं, तेच इथे देते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते धरले, तर ५० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात साधारण १८० कॅलरी, ३९-४० ग्रॅम कार्बोहायड्रेट्स, ४ ग्रॅम प्रथिनं आणि दीडएक ग्रॅम तंतू असतात. एवढ्या तांदळाचा शिजून दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मध्यम आकाराची एक वाटी भात होतो. आणि हे आकडे बासमती असो की कोलम, फारसे बदलत नाहीत. बासमतीत कॅलरी कमी असतात हा निव्वळ गैरसमज!

जीआय सांगतो साखर किती वेगाने चढेल. एकूण किती चढेल हे कळायला ग्लायसेमिक लोड काढावा लागतो. जीआय गुणिले कार्बोहायड्रेट्सचे ग्रॅम, भागिले शंभर. बस्स.

एक वाटी कोलम : ७७ × ४० ÷ १०० = सुमारे ३१.
एक वाटी बासमती : ५७ धरला तर ५७ × ४० ÷ १०० = सुमारे २३.
दोन वाट्या बासमती : ४६.

तो ४६ बघितला आणि डोक्यात ट्यूब पेटली. बासमती आणून आम्ही आठ मार्क कमावले होते आणि ‘चालतो’ म्हणून दुसरी वाटी घेत तेवीस घालवले होते. बिर्याणीच्या रविवारी तर तीन वाट्या सहज व्हायच्या, वर तूप आणि तळलेला कांदा. आमचा रोजचा कोलम निदान एका वाटीत आटपत होता!

शिवाय ग्लायसेमिक लोडच्या हिशेबात २० च्या वरचं जेवण ‘जास्त’ धरतात. म्हणजे एक वाटी बासमतीसुद्धा काही सॅलड नव्हे. तो भातच आहे. थोडा बऱ्या स्वभावाचा भात, इतकंच.

बासमतीत काय नाही

मग पौष्टिक म्हणून बासमतीचं काय? वर दिलेला तंतूंचा आकडा पुन्हा बघा. दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास तंतू हवेत, त्यातले वाटीभर भातातून दीड मिळणार. पांढरा तांदूळ कुठलाही घ्या, कोंडा आणि अंकुर पॉलिशमध्ये गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर ब गटातली बरीच जीवनसत्त्वंही. हे किती गंभीर असू शकतं, ते १८९० च्या दशकात जावामध्ये काम करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला कोंबड्यांमुळे कळलं. पॉलिश केलेला भात खाऊन लुळ्या पडलेल्या कोंबड्या न सडलेल्या तांदळावर पुन्हा उभ्या राहिल्या. त्यातूनच पुढे बेरीबेरीचं कोडं आणि ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला.

म्हणून ब्राऊन बासमती हा सरस पर्याय. तंतू जास्त, ब-१ कितीतरी जास्त. पण तो शिजायला वेळ लागतो, चावायला लागतो, आणि आमच्या बाबांनी पहिल्याच घासाला ‘हा कच्चा राहिलाय’ असं जाहीर केलं. मधला मार्ग म्हणजे सेला बासमती. हे धान साळीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. त्यामुळे सालीजवळची काही जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि दाणा घट्टही होतो. बिर्याणीवाले हाच पिवळसर तांदूळ वापरतात, कारण तो मोडत नाही. आता आमच्याकडे पुलावाला सेला आणि पंधरवड्यातून एकदा ब्राऊन, तोही राजम्याखाली लपवून.

दुकानात गेलात तर आणखी एक गोष्ट. तिबार, दुबार, मोगरा ही नावं दाणा किती अख्खा आणि किती तुकडा यावरून पडलीत. फरक लांबीचा आणि भावाचा, पोषणाचा नाही. मोगरा घेतलात म्हणून काही बिघडत नाही. भेसळीबद्दल मात्र सावध राहा. १ ऑगस्ट २०२३ पासून एफएसएसएआयचे बासमतीसाठी वेगळे नियम लागू झालेत. त्याला वास नैसर्गिकच हवा, कृत्रिम रंग, सुगंध किंवा पॉलिशचं द्रव्य चालणार नाही. पॅकेट उघडताच सेंटची बाटली फुटल्यासारखा वास आला तर समजा काहीतरी गडबड आहे.

ताटात कोण आधी?

सगळ्यात मोठा फरक पडला तो तांदळामुळे नाही, त्याच्या शेजाऱ्यांमुळे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरींचं दिवसाचं ताट दिलंय. त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम. आमच्या बिर्याणीच्या रविवारी भाज्या म्हणजे रायत्यातला कांदा!

आणि क्रम. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ११ मधुमेहींवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण तेच, फक्त भाज्या आणि प्रथिनं आधी, कार्बोहायड्रेट्स पंधरा मिनिटांनी. साखरेचा चढ स्पष्टपणे कमी भरला. आपल्या पानात सुरुवात वरणभाताच्या मुदीने होते आणि कोशिंबीर डाव्या बाजूला शेवटपर्यंत वाट बघते. आम्ही एवढंच केलं : कोशिंबीर आणि उसळ आधी, भात नंतर. आईला पहिले चार दिवस हे अगदी अब्रह्मण्यम वाटलं.

माझा गारठलेला फोडणीचा भातही अगदीच वाया जात नाही बरं का. भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवला की त्यातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि आतड्यात तंतूंसारखा वागतो. इंडोनेशियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या भातात असा स्टार्च १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता. चोवीस तास गार ठेवून परत गरम केलेल्या भातात १.६५. फायदा आहे, पण छोटा. आणि एक अट : भात रात्रभर ओट्यावर नको. त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो, त्याचं विष गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफाळता गरम करून पोटात.

ऑफिसवाल्यांसाठी पाच फंडे

१. भाताला डब्यातला सगळ्यात लहान कप्पा द्या. मोठा कप्पा भाजी-उसळीचा.

२. कँटीनमध्ये आधी काकडी-टोमॅटो आणि डाळ संपवा, मग भाताला हात लावा.

३. बिर्याणी मागवलीत तर एका प्लेटमध्ये दोघं. सोबत अंडी, चिकन किंवा दही जास्त.

४. बासमती अर्धा तास भिजवा, भरपूर पाण्यात शिजवा, दाणा उभा असतानाच वेळून घ्या.

५. लंचनंतर लगेच खुर्चीत नको. दहा-पंधरा मिनिटं बिल्डिंगला चक्कर मारा. बॉसचा मेल तेवढा वेळ थांबतो.

(इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच. भात कमी आणि डोस तोच, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.)

पुन्हा मूद

ऑक्टोबरमध्ये मी तिसरी टेस्ट केली. ५.८. कुंपण अजून ओलांडलेलं नाही, पण तोंड योग्य दिशेला वळलंय. बाबांचा डोस डॉक्टरांनी पुन्हा आधीच्या जागी आणला. बासमतीची बॅग घरात आहे. आता ती दोन महिने पुरते, पूर्वी तीन आठवड्यांत संपायची.

मागच्या रविवारी आईने मामाकडून आलेला आंबेमोहोर काढला. घरभर वास. तिने मुदीची छोटी वाटी शोधून काढली. आजीची, पितळी, गणपतीतच बाहेर येणारी. प्रत्येकाच्या पानात एक-एक मूद उपडी केली आणि पातेलं टेबलावर न आणता ओट्यावरच ठेवून दिलं.

बाबांनी आधी कोशिंबीर संपवली, मग उसळ. मुदीवर तूप सोडून घेतलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, ‘हा काही बासमती नाही. चालतो का?’

‘चालतो,’ मी म्हटलं. ‘एक.’